वाट पायाखालची : वाचकांचे प्रश्न

पायी यात्रेविषयीचे प्रश्न आम्ही मागवले होते. आलेली बहुतेक पत्रं फिरून फिरून पायाच्या फोडांपाशीच येतात, म्हणून त्या उत्तराला जागा जास्त दिली आहे. दिंडीची व्यवस्था पाहणारे, मुक्कामावर मलमपट्टी करणारे आणि लांबच्या परिक्रमा केलेले अशा मंडळींनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत. गोळ्या-औषधांच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा.

प्रश्न : वय 59. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पहिल्यांदाच पंढरपूरला जायचं आहे. रोज गोदापार्कवर 3 किलोमीटर फिरतो. निघायला अडीच महिने आहेत. एवढा सराव पुरेल का?

उत्तर : 3 किलोमीटर पुरणार नाहीत, अडीच महिने मात्र पुरतील. पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास त्र्यंबकेश्वरहून निघते. नाशिक, सिन्नर, गोगलगाव, राजुरी, बेलापूर, राहुरी, अहिल्यानगर, मिरजगाव, कर्जत, जेऊर, करकंब असं करत पंढरपूर गाठते. अंतर सुमारे 450 किलोमीटर, दिवस 25 ते 27. सरासरी 17-18 किलोमीटर निघते, पण सगळे दिवस सारखे नसतात, काही टप्पे 25 च्या घरात जातात.

शिवाय एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. एकटा माणूस 20 किलोमीटर साडेचार-पाच तासांत उरकतो. दिंडीत तेवढ्याच अंतराला पहाटेपासून दुपार टळेपर्यंत वेळ जातो. अभंग, विसावे, गावोगावचं स्वागत, आणि रथ थांबला की आपणही थांबायचं. पाय दमतात ते चालण्याने कमी आणि उभं राहण्याने जास्त. म्हणून सराव किलोमीटरमध्ये मोजा तसा तासांतही मोजा.

पहिले 2 आठवडे, आठवड्यातले 5 दिवस, 4-5 किलोमीटर चाला. पुढे दर आठवड्याला एकूण अंतर 10 ते 15 टक्क्यांनी वाढवा, त्याहून जास्त नको. रविवारची चाल लांब ठेवा: चौथ्या आठवड्यात 10, सहाव्यात 14, आठव्यात 18 किलोमीटर. नवव्या आठवड्यात शनिवारी 18 आणि लगेच रविवारी 15. हे सलग दोन दिवस सगळ्यांत महत्त्वाचे, कारण बूट कुठे काचतो, गुडघा कुठे कुरकुरतो हे दुसऱ्या दिवशी सकाळीच कळतं. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. त्र्यंबक रस्ता सरावाला सोयीचा आहे: अंजनेरी फाटा साधारण 20 किलोमीटर, त्र्यंबक 28. येताना सिटीलिंकची बस मिळते. आठवड्यातून एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढा आणि उतरताना मुद्दाम हळू उतरा, गुडघ्याला खरी शिकवण उतारावरच मिळते. घरी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करायच्या, 15 चे 3 फेरे.

वय पाहता रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 10 वर्षं झाली असतील तर तेही.

आणि निघाल्यावर सिन्नर ओलांडेपर्यंत कुणाच्याही पुढे जाऊ नका. पहिले 4 दिवस उत्साह असतो, ओळखीची माणसं भेटतात, रस्ता आपलाच असतो, त्यामुळे पावलं झपाझप पडतात. नडगी धरते ती चौथ्या-पाचव्या दिवशी. डांबरी रस्त्याला कडेकडे उतार असतो. सतत एकाच कडेने चाललं की एक पाय कायम खाली पडतो आणि त्या बाजूची नडगी किंवा गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते. जिथे साइडपट्टीची माती सपाट आणि कोरडी असेल तिथे डांबर सोडा. नडगीचं दुखणं लांबच्या लांब पसरलेलं असेल तर वेग कमी करून आणि मुक्कामी 15 मिनिटं गार पाण्याची पट्टी ठेवून ते बसतं. बोट ठेवल्यावर हाडावर एकाच जागी कळ येत असेल तर चालणं थांबवा आणि एक्स-रे काढा. हाडाला चीर गेलेली असू शकते. ती सुरुवातीला एक्स-रेतही लपते, म्हणून चित्र स्वच्छ आलं तरी कळ जाईपर्यंत पाय टेकवत चालू नका.

प्रश्न : मागच्या वर्षी दातलीच्या रिंगणापर्यंत मी ठीक होतो. पुढे दोन्ही टाचांना आणि करंगळीला फोड आले. कुणीतरी सुईने फोडात दोरा ओवून दिला. दोन दिवसांत पाय सुजला, राहुरीहून घरी परतावं लागलं. बूट नवे आणि महागाचे होते. चुकलं कुठे? (पंचवटी)

उत्तर : बूट नवे होते, तिथेच. कुठलाही बूट किमान 80 ते 100 किलोमीटर पायात घालून चालल्याशिवाय वारीला नेऊ नये. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि मोजे घालूनच मापा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याची रुंदी मावली पाहिजे. रोज चालून पाय वाढतो, म्हणून नेहमीच्या मापाहून अर्धा ते एक नंबर मोठा घ्या. आषाढाच्या तोंडावर वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. पाणी वरून, घोट्यापासून आत शिरतं आणि मग बाहेर पडायला जागा नसते. जाळीचा साधा स्पोर्ट्स बूट लवकर वाळतो. पावसात मागे पट्टा असलेली सँडल बरी. अंगठ्यात पट्टा असलेली चप्पल चिखलात वाईट, कारण माती पायाखाली शिरून पॉलिशपेपरसारखी घासत राहते आणि अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. सँडलचा वेल्क्रो चिखलाने भरला की धरत नाही. दाभण आणि नायलॉनचा दोरा झोळीत असू द्या.

फोड येतो तो तीन गोष्टी जमल्या की: ओल, उष्णता आणि कातडीचे थर एकमेकांवर सरकणं. यातली ओल आपल्या हातात सर्वांत जास्त. सुती मोजा घाम धरून ठेवतो. आत पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा मोजा आणि वर जाड मोजा घातला की घासण मोज्या-मोज्यांत होते, कातडीवर येत नाही. मोज्यांचे 3 जोड पुरतात: एक पायात, एक पिशवीला सेफ्टी पिनने लटकवून वाळत, एक प्लॅस्टिकमध्ये फक्त झोपताना घालायला. दर विसाव्याला बूट-मोजे काढून 10 मिनिटं पाय वाऱ्यावर ठेवा, खडे झटका. इतरांना चहा सुचतो तेव्हा तुम्हाला पाय सुचले पाहिजेत.

फोड येण्याआधी ती जागा हुळहुळते. तिथेच थांबायचं. 'पुढच्या गावी बघू' म्हणालात की 2 किलोमीटरमध्ये पाणी भरतं. पाय कोरडा पुसून मायक्रोपोर किंवा चिकटपट्टी लावा. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापा, नाहीतर ते उचकटतात, आणि पट्टीला सुरकुती राहू देऊ नका, तिचाच नवा फोड होतो. टाच आणि करंगळीचा अनुभव असेल तर निघण्याआधीच पट्टी लावा. रोज चालण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत पेट्रोलियम जेली, मात्र जिथे पट्टी लावायची तिथे नाही. वारीला निघण्याच्या आठवडाभर आधी नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका.

फोड आलाच तर लहान आणि न दुखणारा तसाच झाकून ठेवा. मोठा, टणक आणि पाऊल टेकवू न देणारा असेल तेव्हाच फोडायचा. हात साबणाने धुवा, फोडावर पोविडोन आयोडीन लावा. औषधांच्या दुकानातली बंद पाकिटातली नवी सुई घ्या. फोडाच्या कडेला, कातडीलगत, दोन जागी टोचा आणि कापसाच्या बोळ्याने पाणी दाबून काढा. वरची कातडी सोलायची नाही, तीच सर्वांत चांगलं झाकण. मग मलम, गॉज, पट्टी, आणि रोज रात्री पट्टी बदलायची.

सुईदोऱ्याचा उपाय वारीत जुना आहे आणि अजून सर्रास होतो. त्यात दोरा आतच ठेवतात म्हणजे पाणी झिरपत राहावं. पण ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने मुक्कामाची माती आणि शेणही आत जातं. तुमचा पाय बहुधा त्यानेच सुजला. लाली पसरत जाणं, पू, ताप, पोटरीवर वर चढणारी लाल रेघ किंवा जांघेत अवधाण (दुखरी गाठ) यांतलं काहीही दिसलं की चालणं बंद आणि दवाखाना. मधुमेह असलेल्यांनी फोड स्वतः कधीच फोडू नये.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी ओझरहून दिंडीत जाणार आहोत. दिंडी कशी निवडावी, सोबत काय घ्यावं? आणि शौचालय, पाळी यांचं काय करायचं?

उत्तर : ओळखीतल्या कुणीतरी चाललेली दिंडी निवडा, आणि त्यात बायका किती आहेत हे आधी विचारा. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरण्यापूर्वी तिच्यात काय काय येतं ते स्पष्ट करून घ्या: दोन वेळचं जेवण, चहा-न्याहारी, तंबूत जागा, ट्रकमध्ये सामानाचे किती डाग. अंघोळीला आडोसा आणि पाण्याचा टँकर आहे का, दिंडीबरोबर फिरतं शौचालय आहे का, हे विचारायला लाजू नका. दिंडीप्रमुख या प्रश्नाला सरळ उत्तर देत नसतील तर ते उत्तरच समजा.

ट्रकमधला डाग 8-10 किलोंच्या आत ठेवा. आत प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत हवी आणि डागावर दिंडीचा क्रमांक, गाव आणि मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत. खांद्यावरच्या झोळीत दीड-दोन किलो: पाणी, मीठ-साखरेचं पाकीट, पट्टी-कात्री, एक कोरडा मोज्याचा जोड, छत्री, प्लॅस्टिकचा कागद, ओळखपत्राची प्रत, रोजच्या गोळ्या. गोळ्या ट्रकमध्ये टाकायच्या नाहीत. वाट तुंबली की ट्रक मुक्कामी तुमच्यानंतर कधी येईल ते विठ्ठलालाच ठाऊक.

शौचालय नको म्हणून पाणी कमी पिणं ही बायकांची सर्वांत मोठी चूक. त्यातून लघवीला जळजळ सुरू होते आणि मग रोजची चाल नकोशी होते. पहाटे निघण्यापूर्वी मुक्कामावरच आटपा. वाटेतल्या गावात बिनदिक्कत घराचं दार वाजवा, या दिवसांत नाही म्हणणारं घर विरळा. उघड्या माळावर एकीला दोघींनी दोन छत्र्यांचा आडोसा धरायचा. पाळीसाठी सवय असेल तर कप सोयीचा, पण पहिला प्रयोग वारीत नको. पॅड असतील तर वापरलेले ठेवायला काळ्या पिशव्या घ्या आणि मुक्कामाच्या कचऱ्यात टाका, शेताच्या बांधावर नाही. ओल्या परकराने मांड्या सोलवटतात. आत गुडघ्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट घाला, रात्री खोबरेल तेल लावा. पुरुषांच्या जांघाही काचतात, ते फक्त बोलत नाहीत.

प्रश्न : आई 64 वर्षांची, 12 वर्षं मधुमेह, रक्तदाबाचीही गोळी आहे. ती वारीला जायचंच म्हणते. नेऊ का? (नाशिकरोड)

उत्तर : आधी पाय दाखवा, मग ठरवा. डॉक्टर तळव्याला बारीक तारेने स्पर्श करून संवेदना तपासतात. ती कमी झाली असेल तर पूर्ण वाट चालायचा हट्ट सोडायला सांगा. खडा रुतला तरी तिला कळणार नाही आणि संध्याकाळी जखम पाहूनच समजेल. अशांनी काही निवडक टप्पे चालावेत, बाकी वाहनाने जावं.

संवेदना चांगली असेल तर दोन महिने आधी औषधांची मात्रा विचारा. दिवसभर चालल्याने साखर झपाट्याने उतरते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर ती नेहमीच्याच मात्रेत घेणं धोक्याचं ठरू शकतं. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर उन्हात अंगातलं पाणी कमी पडतं, तेही विचारा. हात थरथरणं, दरदरून घाम, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं दिसली की ग्लुकोमीटरची वाट न पाहता 3 चमचे साखर पाण्यात द्या. 15 मिनिटांनी तपासा, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा द्या. मग पोळी किंवा केळं. मोजणारं यंत्र आणि साखर आईच्या स्वतःच्या झोळीत हवी आणि शेजारी चालणाऱ्या दोघींना हे सगळं माहीत हवं. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण 4 आठवडे फ्रिजबाहेर टिकतं, पण 25-30 अंशांच्या वर गेलेलं चालत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवा आणि ट्रकमध्ये कधीच नको. एकादशीचा उपास चालताना करायचा की नाही, हे आईच्या साखरेच्या आकड्यावर ठरवा. अनवाणी अजिबात नाही. रात्री आरशात दोन्ही तळवे पाहायचे, किंवा कुणाकडून पाहून घ्यायचे.

प्रश्न : वाटेत लोक प्रेमाने जे वाटतात ते सगळं खावं का? पाणी कुठलं प्यावं? (देवळाली कॅम्प)

उत्तर : घ्यावं सगळं, खावं निवडून. वाफाळतं आणि तुमच्यासमोर वाढलेलं खा. केळी, शेंगदाण्याचा लाडू, राजगिरा, चहा यांना हरकत नाही. चिरून ठेवलेली फळं, उसाचा रस, उन्हात राहिलेला दहीभात आणि बर्फ घातलेलं सरबत नम्रपणे पुढच्याला द्या. टँकरच्या पाण्यात क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि 30 मिनिटं थांबा. गढूळ पाणी आधी चौपदरी फडक्यातून गाळून घ्या, गाळात क्लोरीन वाया जातं.

घाम खूप जात असताना नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही, रक्तातलं मीठ उतरतं आणि मळमळ-डोकेदुखी सुरू होते. मीठ-साखरेचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच घालायचं. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकणारे पुष्कळ दिसतात, त्याने जुलाब उलट वाढू शकतात. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्याला 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

प्रश्न : आमचं सिडकोतलं मंडळ रामनवमीला 40 पोरं घेऊन शिर्डीला पायी जातं. या वेळी रात्री चालून दोन दिवसांत पोहोचायचा विचार आहे. बरोबर डीजेची गाडी असेल. काही सूचना?

उत्तर : तीन दिवस करा. नाशिक ते शिर्डी सिन्नरमार्गे 90 किलोमीटरच्या आसपास आहे. पहिल्या दिवशी सिन्नर, दुसऱ्या दिवशी वावी किंवा पाथऱ्याच्या बाजूला मुक्काम, तिसऱ्या दिवशी शिर्डी. दोन दिवसांत म्हणजे रोज 45. ते जमणारे 40 पैकी फार तर पाच-सहा असतील. बाकीचे लंगडत, एकमेकांपासून दोन-दोन किलोमीटर तुटून, अंधारात महामार्गावर चालतील. अपघात होतात ते अशा तुटलेल्या शेपटाला.

चालण्याची वेळ पहाटे 4 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 8. चैत्रात दुपारी सावलीत झोपा. अंधारात प्रत्येकाला चमकणारा जाकीट हवा, कमीत कमी पहिल्या आणि शेवटच्या चौघांना तरी. सर्वांत मागे लाल दिवा हातात धरलेला जाणता माणूस, त्याच्या मागे कुणीही नाही. सगळी पोरं रस्त्याच्या एकाच कडेला, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, मातीच्या बाजूला. कुणी एकटा-दुकटा चालत असेल तर त्याने समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावं. कानात इयरफोन नाहीत. डीजेची गाडी रात्री बंद, आमचं मत विचाराल तर दिवसाही. मागून वाजणारा भोंगा त्या आवाजात ऐकू येत नाही. सोबतचं वाहन मार्गिकेत उभं करू नका, रस्ता सोडून मातीवर घ्या. यादी, फोन नंबर आणि मार्ग पोलीस ठाण्यात देऊन निघा.

उन्हात कुणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात, झोपवून ठेवायची वेळ नाही ती. 108 ला फोन करा. तोवर सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

प्रश्न : सप्तशृंगीला चैत्रात नाशिकहून अनवाणी जाण्याचा नवस आहे. तयारी कशी करू? (मखमलाबाद)

उत्तर : दिंडोरी, वणी, नांदुरी या वाटेने गड 60 ते 65 किलोमीटर आहे आणि शेवटचा घाट चढाचा. अनवाणी पाय तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. मातीवर रोज 15 मिनिटांपासून सुरुवात करा, महिन्याभरात तासापर्यंत न्या, मग थोडं डांबर. भेगांना रोज रात्री तेल-मेण किंवा व्हॅसलीन लावून मोजा घाला, चिरलेल्या भेगेतून जंतू शिरतात. चैत्रातल्या दुपारी डांबर 60 अंशांच्या पुढे तापतं, तिथे तयार तळवाही भाजतो. त्यामुळे सकाळी 9-10 नंतर पाऊल टाकू नका आणि तीन दिवस धरा. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी कमी तापते म्हणून यात्रेकरू तिच्यावरून चालतात, पण तिथे गाड्या अगदी खेटून जातात. चिमटा, काटा काढायची सुई आणि पाय झाकायला एक सँडल सोबत असू द्या. मधुमेह किंवा पायाला बधिरपणा असेल तर नवस फक्त नांदुरी ते गड, तोही पहाटे, एवढ्यावर आणता येईल का ते घरातल्या थोरांना विचारा.

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा खानदेशातून हजारो लोक पायी गडावर येतात. त्या दिवसांत नांदुरीपासून वर खाजगी गाड्या सोडत नाहीत, एसटी चालते. घरच्यांना न्यायला बोलावणार असाल तर नांदुरीलाच बोलवा.

प्रश्न : श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी मुलांबरोबर करता येईल का?

उत्तर : 10-12 वर्षांच्या पुढची, चालायची सवय असलेली मुलं करतात. नेहमीची फेरी सुमारे 20 किलोमीटर, हरिहर किल्ल्याला वळसा घालणारी मोठी फेरी त्याच्या दुप्पट. मोठीला मुलांना नेऊ नका. बरेच लोक रविवारी रात्रीच निघतात, तेव्हा पाऊस, अंधार आणि रेटारेटी तिन्ही एकदम असतात. मुलांबरोबर पहाटे 5 ला निघा. शेवाळलेल्या दगडावर रबरी चपला घसरतात, खाचांचा तळ असलेली सँडल हवी. मुलांच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, गर्दीत मोबाइलची रेंज दगा देते. गर्दी टाळायची असेल तर दुसरा कुठलाही वार निवडा. 2027 साली तर तिसरा श्रावणी सोमवार 23 ऑगस्टला, म्हणजे सिंहस्थाच्या 2 आणि 31 ऑगस्टच्या दोन अमृतस्नानांच्या दरम्यान येतो. त्या वर्षी फेरी श्रावणाआधी उरकलेली बरी.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको साठीच्या आसपास. नर्मदा परिक्रमा पायी करायची इच्छा आहे. किती महिने लागतात, ओझं किती घ्यावं, सुरुवात कुठून? (गंगापूर रोड)

उत्तर : शास्त्राप्रमाणे 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवस, चातुर्मासात एका जागी थांबून. आज बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर निघून उन्हाळा कडक होण्याच्या आत 4 ते 5 महिन्यांत पुरी करतात. नदीची लांबी 1,312 किलोमीटर, त्यामुळे दोन्ही तीर मिळून 2,600 च्या वर चाल. नाशिकच्या माणसाला ओंकारेश्वर सोयीचं: नाशिकरोडहून रेल्वेने खंडवा आणि तिथून सुमारे 70 किलोमीटर रस्ता. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही. उपनद्या ओलांडता येतात. ओंकारेश्वराचं मंदिर बेटावर आहे, म्हणून दक्षिण तीरावर संकल्प केल्यावर तिथलं दर्शन परिक्रमा संपल्यावरच.

दक्षिण तीराने पश्चिमेला, बडवानीच्या पुढे शूलपाणीचा डोंगराळ टापू लागतो. धरणाच्या फुगवट्यामुळे जुनी वाट पाण्याखाली गेली आहे आणि चढउतार खडे आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर बरेच जण घेतात तशी प्रकाशा या गावाकडून जाणारी वाट धरा, त्यात कमीपणा नाही. समुद्राजवळ कठपोरहून नावेने उत्तर तीरावर मिठी तलाईला जावं लागतं. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे तिथे एखाद-दुसरा दिवस थांबायची तयारी ठेवा.

इथे ट्रक नाही, सगळं पाठीवर. वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नका, 60 किलोंच्या माणसाला 6 किलो, पाण्यासह. कपड्यांचे 2 जोड, एक पातळ पण उबदार पांघरूण (अमरकंटकला पौषात थंडी बोचते), पातळ आसन, ताट-वाटी, टॉर्च, पायाच्या मलमपट्टीची पेटी, आधारच्या प्रती. पुस्तकं घेऊ नका. आश्रमात जेवण आणि निवारा मिळतो. कुठे सदावर्त म्हणजे शिधा मिळतो आणि स्वयंपाक आपल्यालाच करावा लागतो. दंड हातात हवाच, चढाला आणि कुत्र्यांना. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजचं पहिलं इंजेक्शन घ्या. सरकारी दवाखान्यात ते मोफत असतं. पुढची इंजेक्शनं वाटेतल्या दवाखान्यांत घेता येतात, म्हणून चिठ्ठी जपा.

आपल्याला झेपेल की नाही हे पाहायचं असेल तर चैत्रात गुजरातमध्ये रामपुरा-तिलकवाडा इथली उत्तरवाहिनी परिक्रमा एका दिवसात होते. पण त्याहून खरी परीक्षा म्हणजे 6 किलो पाठीवर घेऊन सलग 5 दिवस रोज 20 किलोमीटर चालणं. ते नाशिकमध्येच करा.

प्रश्न : मुलगी युरोपात असते. तिच्याबरोबर स्पेनची सान्तियागोची यात्रा चालायची आहे. वारी केलेल्याला ती सोपी जाईल का? (कॉलेज रोड)

उत्तर : पायांना सोपी, खांद्यांना नाही. फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट-जाँपासूनचा प्रसिद्ध मार्ग सुमारे 780 किलोमीटर, 30 ते 35 दिवस. पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत चढावा लागतो. प्रमाणपत्रासाठी शेवटचे 100 किलोमीटर पायी हवेत, म्हणून अनेक जण सारियाहून निघतात, तिथून 115 च्या आसपास पडतात. यात्रेकरूच्या पुस्तिकेवर या भागात रोज 2 शिक्के घ्यावे लागतात. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर निवडा. शाकाहारी असाल तर लहान गावांत पाव, चीज, ऑम्लेट आणि डाळी यांवर निभावावं लागेल, अंडं चालत नसेल तर आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : वारीहून आल्यावर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आहेत. काढून टाकू का? (म्हसरूळ)

उत्तर : नाही. बूट पुढे आखूड होता किंवा उतारावर पाय पुढे सरकत होता, म्हणून नखाखाली रक्त साकळलं आहे. ठणकत नसेल तर तसंच राहू द्या. खालून नवं नख येईल तसं जुनं आपोआप सुटतं, फक्त सुटलेली कडा कापत राहा म्हणजे मोज्यात अडकणार नाही. अंगठ्याचं पूर्ण नवं नख यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. ठणका असह्य असेल, पू दिसत असेल किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांकडे जा. चालायला लागलात की बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट आणि बोटांकडे सैल बांधा.